केव्हीएमएफआर मॉड्यूल: पावसाळ्यापासून रोजच्या वापरातला अनुभव

लुकिंग ग्लास हा व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजचं चित्र लिनक्सच्या खिडकीत दाखवणारा प्रोग्राम. त्याच्यासोबत येणारं केव्हीएमएफआर हे कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडायचा तुकडा) मी पावसाळ्याच्या तोंडावर बसवलं, तेव्हापासून रोजचं काम त्याच्यावरच चाललंय. मॉड्यूल उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण त्याची खरी किंमत बसवायच्या दिवशी मोजावी लागत नाही, ती कर्नल अपडेटच्या दिवशी मोजावी लागते. हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून एवढं लिहायला घेतलं.

माझं काम प्रेस टूल, म्हणजे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या साच्यांच्या डिझाइनचं. राहतो कोथरूडला, गिऱ्हाइकं भोसरी-चाकणची. सिम्युलेशन उबुंटू २४.०४ वर चालतं, पण डिझाइनच्या सॉलिडवर्क्सला विंडोज लागतंच. म्हणून विंडोज केव्हीएमच्या (लिनक्समधल्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीच्या) व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे व्हीएममध्ये ठेवलंय आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड व्हीएफआयओ या कर्नलच्या सोयीने थेट त्यालाच दिलंय. मॉनिटर मात्र प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्सला जोडलेला. लुकिंग ग्लासचा विंडोजमधला प्रोग्राम प्रत्येक फ्रेम दोघांच्या सामाईक (शेअर्ड) मेमरीत ठेवतो आणि त्याचा लिनक्सवरचा क्लायंट ती तिथून उचलून खिडकीत दाखवतो. स्वतःला मॉनिटर जोडलेला आहे असं विंडोजला दिलेल्या कार्डाला वाटावं लागतं. त्यासाठीचा डमी एचडीएमआय प्लग पुण्याच्या तापकीर गल्लीत सहज मिळाला.

शेअर्ड मेमरी मॉड्यूलशिवायही मिळते, टेम्पएफएसवर (रॅममध्येच राहणाऱ्या फाइल सिस्टिमवर) एक फाइल ठेवली की झालं. आधी मी तेच वापरत होतो. २५६० बाय १४४० च्या पडद्याची एक फ्रेम, पिक्सेलमागे ४ बाइट धरले तर, साधारण १४ एमबी होते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे ८४० एमबीच्या वर. ही सगळी ने-आण क्लायंट प्रोसेसरकरवी करतो. ड्रॉइंगवर डायमेन्शन टाकताना ते जाणवत नाही, कारण पडद्याचा थोडाच भाग बदलत असतो. पण मागे सिम्युलेशनने सगळे कोअर अडवलेले असताना प्रोग्रेसिव्ह डायची (टप्प्याटप्प्याने भाग बनवणाऱ्या साच्याची) पूर्ण असेंब्ली फिरवायला घेतली, की चित्र हमखास अडखळायचं. केव्हीएमएफआर त्याच मेमरीचं डीएमए-बफ (दुसऱ्या डिव्हाइसला थेट वाचता येईल असा बफर) करून देतं, त्यामुळे ग्राफिक्स चिप फ्रेम स्वतः ओढून घेते आणि प्रोसेसर त्यातून मोकळा होतो. आता सिम्युलेशन चालू असतानाही असेंब्ली फिरवून पंच आणि स्ट्रिपर या साच्याच्या दोन भागांमधली फट बघता येते. मला हवं होतं ते एवढंच, आणि ते पुरेपूर मिळालं.

मेमरीचा आकार ठरवायचा हिशोब सोपा आहे. रुंदी गुणिले उंची गुणिले ४ गुणिले २, त्याचे एमबी करायचे, त्यात १० मिळवायचे आणि दोनाच्या पुढच्या घातापर्यंत जायचं. माझ्या पडद्याला ३८ च्या आसपास येतात, म्हणून ६४ एमबी. फुल एचडीला ३२ पुरतात, फोर-केला १२८ लागतात. मॉड्यूलला दिलेला आकार आणि व्हीएमच्या एक्सएमएलमधला (सेटिंगच्या फाइलमधला) आकार जुळलाच पाहिजे. तिथे तो बाइटमध्ये लिहायचा असतो, ६४ एमबीसाठी ६७१०८८६४.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो परवानग्यांत. मॉड्यूल लोड झालं, केव्हीएमएफआर० हे डिव्हाइस दिसायला लागलं, तरी व्हीएम सुरू होईलच असं नाही. मोठ्या सोसायटीत गेटवर, लिफ्टपाशी आणि मजल्यावर वेगवेगळी नोंद करावी लागते, तसा इथे तिघांचा होकार लागतो: युडेव्ह (डिव्हाइसचा मालक आणि परवानगी ठरवणारं), लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा सीग्रुप (व्हीएमला कोणती डिव्हाइस उघडता येतील ते ठरवणारा) आणि ॲपआर्मर (कोणत्या प्रोग्रामने काय उघडायचं यावरची सुरक्षा). नेमकं कोण अडवतंय ते एररच्या शब्दांवरून कळतं. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं तर बहुतेक सीग्रुप, म्हणजे क्यूईएमयूच्या (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगमधल्या डिव्हाइसांच्या यादीत केव्हीएमएफआर० घालायचं राहिलंय. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर आधी डिव्हाइसचा ग्रुप केव्हीएम आणि मोड ०६६० आहे का ते बघा. ते बरोबर असेल तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ॲपआर्मरचं ‘डिनाइड’ शोधा. एवढा फरक लक्षात ठेवला तर कितीतरी तास वाचतात.

सिक्युअर बूट (सही नसलेलं मॉड्यूल अडवणारी सोय) चालू असेल तर डीकेएमएस, म्हणजे कर्नलबाहेरची मॉड्यूल बिल्ड करणारं साधन, मॉड्यूलवर सही करतं, पण त्या सहीची किल्ली एकदा एमओके या मशीनच्या विश्वासू किल्ल्यांच्या यादीत नोंदवावी लागते. रीबूटनंतर त्या नोंदीचा निळा पडदा येतो तो दहा सेकंदांत निघून जातो, त्यामुळे तेव्हा मशीनसमोर बसलेलं बरं.

आता मुख्य मुद्दा. हे मॉड्यूल कर्नलच्या बाहेरचं, त्यामुळे प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते पुन्हा बिल्ड होतं. उबुंटूने कर्नल ६.११ वरून ६.१४ वर नेला तेव्हा बिल्ड अडलं. ६.१३ पासून ‘मॉड्यूल इम्पोर्ट एनएस’ला (मॉड्यूल कर्नलमधला कोणता गट वापरतं ते सांगणाऱ्या ओळीला) नेमस्पेसचं, म्हणजे त्या गटाचं नाव अवतरणचिन्हांत द्यावं लागतं आणि माझ्याकडच्या सोर्समध्ये ते अवतरणांशिवाय होतं. सी फाइलमधल्या त्या एका ओळीत डीएमए-बफच्या नावाला अवतरणं घातली, डीकेएमएसमधून मॉड्यूल काढून पुन्हा घातलं, आणि काम झालं. पण तोवर कर्नलचं पॅकेज अर्धवट कॉन्फिगर होऊन पडलं होतं आणि व्हीएम सुरूच होत नव्हतं. ग्रबमधून (मशीन सुरू होतानाच्या मेनूतून) जुन्या कर्नलवर गेलो म्हणून त्या दिवशीचं ड्रॉइंग वेळेत गेलं. याआधी ६.४ मध्ये ‘क्लास क्रिएट’ या कर्नलच्या फंक्शनचा एक आर्ग्युमेंट गेला, तेव्हाही बाहेरची बरीच मॉड्यूल अशीच अडकली होती. कर्नलच्या आतले इंटरफेस स्थिर राहतील असं वचन कोणी दिलेलंच नाही, त्यामुळे हे पुढेही होत राहणार. म्हणून मी कर्नल होल्डवर (आपोआप अपडेट होणार नाही असा) ठेवलाय आणि अपडेट गुरुवारीच करतो, कारण भोसरीच्या कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी असते आणि कोणाचा फोन येत नाही. जुना कर्नल नवा नीट चालल्याशिवाय काढत नाही. मॉड्यूल बिल्ड करायला लागणारं हेडर्सचं पॅकेज कर्नलसोबत आलंय ना, तेही बघून घेतो.

एका मित्राकडे होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, डेस्कटॉपच नाही. त्याचं लिनक्स आणि विंडोज ही दोन्ही व्हर्च्युअल मशीनच आहेत. तिथे हेच मॉड्यूल लिनक्स व्हीएमच्या आत बसवायचं असतं. मेमरी आयव्हीश्मेमच्या (व्हीएममध्ये शेअर्ड मेमरी देणाऱ्या) आभासी पीसीआय डिव्हाइसमधून येते, म्हणून मॉड्यूलला आकार सांगावा लागत नाही. युडेव्हचा नियम तेवढा तिथेही लागतो.

मॉनिटर ज्या ग्राफिक्सला जोडलाय ते इंटेल किंवा एएमडीचं असेल आणि विंडोजमध्ये थ्रीडीचं काम रोजचं असेल, तर हे मॉड्यूल बसवाच. विंडोज फक्त टॅली किंवा ऑफिससाठी लागत असेल, तर टेम्पएफएसवरची फाइल पुरते. तिला कर्नल अपडेटचं काही घेणंदेणं नाही.