जुन्या जाहिराती आणि विक्षिप्त प्रचारपट: काही महिने रोज बघितल्यावर

गेले काही महिने रात्री झोपण्याआधी मी कुठलीही मालिका लावत नाही. त्याऐवजी सायकल कशी चालवावी, पार्सल पोस्टानेच का पाठवावं, अणुबॉम्ब पडला तर कुठे लपावं, असल्या विषयांवरचे आठ-दहा मिनिटांचे जुने लघुपट बघते आणि जोडीला मूठभर जाहिराती. बहुतेक माल १९३० ते १९७० या काळातला. बनवणाऱ्यांनी तो वर्षा-दोन वर्षांच्या वापरासाठी बनवला होता. शाळेत किंवा विक्रेत्यांच्या बैठकीत दाखवायचा, मग डबा अडगळीत. इतक्या वर्षांनी कुणी तो हौसेने बघेल, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. आता पुरेसं बघून झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा मुख्य अड्डा म्हणजे इंटरनेट अर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावरचा प्रेलिंगर संग्रह. रिक प्रेलिंगर या गृहस्थांनी १९८२ साली न्यू यॉर्कमध्ये ही जमवाजमव सुरू केली. जाहिरातपट, शैक्षणिक फिल्म, कारखान्यांच्या फिल्म, घरगुती चित्रण, म्हणजे ज्याला सिनेमाच्या इतिहासात कुणी खुर्ची देत नाही असा सगळा ऐवज. सुमारे ६०,००० फिल्म जमल्या आणि २००२ साली तो संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला. त्यातल्या हजारो आज फुकट बघता येतात, उतरवून घेता येतात. हे शक्य झालं त्यात मालकांच्या बेफिकिरीचा मोठा वाटा आहे. १९६४ पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या कृतीचा कॉपीराइट २८ वर्षांनी अर्ज करून वाढवून घ्यावा लागे. १९५० सालच्या जाहिरातपटासाठी १९७८ मध्ये कोण अर्ज करत बसणार? हक्क आपोआप संपले आणि माल सगळ्यांचा झाला.

दुसरं ठिकाण ब्रिटिश पाथे, वृत्तपट काढणारी जुनी कंपनी. त्यांनी २०१४ साली वृत्तपटांचे सुमारे ८५,००० तुकडे यूट्यूबवर ओतले. तिथे पहिल्यांदा जाताना घड्याळ लावून जावं, एवढंच सांगते.

आता प्रत्यक्ष अनुभव. मला पहिला झटका दिला तो १९६३ च्या 'वन गॉट फॅट' या फिल्मने. विषय सायकलवरची सुरक्षितता. दहा मुलं सायकली काढून सहलीला निघतात. त्यातल्या नऊ जणांना माकडाचे मुखवटे, मागे शेपट्या. मुखवट्यावरचा भाव अर्थातच बदलत नाही. मूल पाटी न बघता चौकात घुसतं तेव्हाही तोच आणि गाडी अंगावर येते तेव्हाही तोच. कुणी हात न दाखवता वळतो, कुणी रस्त्याच्या उलट्या बाजूने जातो आणि एकेक गडी गळत जातो. निवेदक मात्र बाळगोपाळांना गोष्ट सांगावी तसा खुशीत. हा आवाज एडवर्ड एव्हरेट हॉर्टन यांचा, हॉलिवूडच्या विनोदी भूमिकांत मुरलेला नट. शेवटी एकटाच पोचतो, तो मुखवटा नसलेला साधा मुलगा, आणि सगळ्यांचा खाऊ एकटा फस्त करतो. नियम पाळल्याचं बक्षीस म्हणून मेलेल्या मित्रांचे डबे! ही पटकथा कुणीतरी वाचली, पास केली, मुखवट्यांसाठी पैसे मंजूर केले. ती कुठल्या बैठकीत झाली असेल, याचा विचार मी अजून अधूनमधून करते.

त्याच्याच जोडीला 'डक अँड कव्हर' बघितली. सोव्हिएत संघाने १९४९ मध्ये अणुस्फोट केला, त्यानंतर अमेरिकेच्या नागरी संरक्षण खात्यासाठी बनलेली ही फिल्म १९५२ पासून शाळांत दाखवली गेली. बर्ट नावाचं कार्टून कासव धोका दिसताच कवचात शिरतं, मुलांनी तसंच करायचं. त्यातही सायकल आहे. टोनी नावाचा मुलगा रस्त्याने चाललाय, लख्ख प्रकाश पडतो, तो सायकल टाकून देतो आणि रस्त्याकडेच्या भिंतीलगत अंग मुडपून पडतो. निवेदक त्याला शाबासकी देतो. एका फिल्ममध्ये हात न दाखवता वळलात तर संपलात आणि दुसरीत अणुबॉम्बखाली डोकं झाकलंत की निभावलात. दोन्हीकडे आवाज तितकाच ठाम.

या प्रकाराची भुरळ मला वाटतं त्या ठामपणात आहे. आजची जाहिरात स्वतःवर आधीच हसून घेते, म्हणजे आपण हसलो तरी तिला लागत नाही. हे लोक मात्र मनापासून बोलतात. कोट-टायमधला गृहस्थ टेबलाच्या कोपऱ्यावर टेकतो आणि आयुष्य कसं जगायचं ते दहा मिनिटांत सांगून मोकळा होतो. शंका हा शब्द त्याला माहीतच नाही.

पण नुसतं हसण्यासाठी बघणार असाल तर इशारा देते: ती मजा काही आठवड्यांत विरते. डेटिंग कसं करावं, लोकप्रिय कसं व्हावं, जेवणाच्या टेबलावर कसं बसावं या शालेय फिल्म तर पाच-सहा बघितल्या की पुढची न बघता सांगता येते. लाजरा मुलगा, निवेदकाचा सल्ला, हसरा मुलगा. त्या मी आता सरळ सोडून देते. टिकतं ते वेगळंच. मुख्य गोष्टीवरचं लक्ष उडालं की नजर चौकटीच्या कडांकडे जायला लागते. बनवणाऱ्याला जे विकायचं होतं ते केव्हाच शिळं झालं. त्याच्या नकळत जे चौकटीत शिरलं ते ताजं आहे. मागच्या दुकानाची पाटी, नटाच्या बाहीवरची इस्त्री न झालेली घडी, कॅमेऱ्याकडे चोरून बघणारा रस्त्यावरचा माणूस.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण जाहिरात नाही, १९०६ चा 'अ ट्रिप डाउन मार्केट स्ट्रीट' आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये केबल कारच्या (रस्त्यावरच्या रुळांवरून धावणाऱ्या डब्याच्या) पुढ्यात कॅमेरा लावून माइल्स बंधूंनी एक रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत टिपला. मूक, बारा-तेरा मिनिटांचा, घडत काहीच नाही. घोडागाड्या, सायकली, मधूनच रूळ ओलांडणारी माणसं. हा बराच काळ १९०५ चा समजला जायचा. डेव्हिड कीन या सिनेमा-अभ्यासकाने मोटारींचे नंबर, रस्त्यावरचं पाणी आणि जुनी वर्तमानपत्रं पडताळून तो एप्रिल १९०६ मधला, म्हणजे १८ एप्रिलच्या भूकंपाच्या अगदी काही दिवस आधीचा ठरवला. फिल्म वाचली कारण ती भूकंपाच्या आदल्या रात्री रेल्वेने न्यू यॉर्कला रवाना झाली होती. माइल्स बंधूंचा स्टुडिओ मात्र भूकंपानंतरच्या आगीत गेला.

हे माहीत असून बघणं वेगळं, ते आहेच. पण मला जास्त गंमत वाटली ती मोटारींची. लक्ष देऊन बघा: त्याच त्या मोटारी कॅमेऱ्याला वळसा घालून पुन्हापुन्हा समोर येतात, एक तर दहादा. शहर गजबजलेलं, आधुनिक दिसावं म्हणून केलेली ही शक्कल असावी. म्हणजे ज्याला आपण निखळ वास्तव समजून भारावतो, त्यातही थोडी जाहिरात आहेच. तिसऱ्यांदा बघताना मी फक्त मोटारी मोजत होते आणि वेळ मस्त गेला.

जाहिरातींकडे वळते. इथे डेट्रॉइटच्या जॅम हँडी यांचं नाव सतत समोर येतं. त्यांच्या संस्थेने मोटार कंपन्यांसाठी आणि इतरांसाठी हजारो फिल्म काढल्या. (माणूस स्वतः पोहणारा: ऑलिम्पिकची कांस्यपदकं दोन, एक १९०४ चं आणि दुसरं थेट १९२४ चं.) १९४८ ची लकी स्ट्राइकची जाहिरात त्यांचीच. सिगारेटी जोड्या करून लोकनृत्य करतात, कॅमेऱ्यापुढे एकेक चौकटीला हाताने हलवून चित्रित केलेल्या. कारागिरी अशी की डोळा हटत नाही आणि काय विकलं जातंय हे आठवलं की अंगावर काटा येतो. डॉक्टर कुठली सिगारेट जास्त ओढतात हे अभिमानाने सांगणारी त्याच काळातली कॅमलची जाहिरात तर सुन्न करते. अमेरिकेत टीव्हीवरच्या सिगारेट जाहिराती २ जानेवारी १९७१ पासून बंद झाल्या, तोवर हे राजरोस चालू होतं.

छोट्या जाहिरातींत जिम हेन्सन यांच्या विल्किन्स कॉफीच्या जाहिराती अजिबात चुकवू नका. १९५७ पासूनच्या, जेमतेम आठ-दहा सेकंदांच्या. एक बाहुला कॉफी घेतो का विचारतो, दुसरा नाही म्हणतो, पहिला त्याला तोफेने उडवतो. संपलं. हेन्सन यांच्या बाहुल्यांच्या प्रसिद्ध 'द मपेट शो'च्या कितीतरी आधीचा हा वात्रटपणा आहे आणि लागोपाठ वीस बघितल्या तरी कंटाळा येत नाही.

पण काही महिन्यांतला माझा सर्वांत मोठा शोध अमेरिकेबाहेरचा. इटलीच्या सरकारी टीव्हीवर १९५७ ते १९७७ रोज रात्री 'कारोसेल्लो' लागायचं. जाहिरातीच, पण अट अशी की आधी करमणूक करा. वस्तूचं कौतुक फक्त शेवटच्या तुकड्यात. या अटीपोटी काय काय जन्माला आलं! भांड्यांच्या कंपनीसाठी ओस्वाल्दो कावान्दोली यांनी १९६९ मध्ये काढलेला 'ला लिनेआ' बघा. एकच रेघ, तिच्यातूनच उभा राहिलेला माणूस, पुढे रेघ तुटली की चित्रकाराच्या हातावर खेकसणारा. तो बोलतो ती कुठलीच भाषा नाही, त्यामुळे सबटायटल लागत नाही. त्याच कार्यक्रमातलं कालिमेरो हे काळं पिल्लू मात्र साबणाने धुतल्यावर पांढरं होतं आणि तिथे गोडवा जरा घशात अडकतो. या छंदात असं वारंवार होतं. ज्यांना नुसतं निर्मळ काहीतरी हवंय त्यांनी इथे येऊ नये.

सोव्हिएत काळातल्या एस्टोनियात तर 'एस्ती रेक्लामफिल्म' ही संस्था १९६७ पासून जाहिराती काढत होती आणि त्यातल्या कित्येक वस्तू दुकानात मिळतच नसत. विकण्याचं ओझं नसल्यावर जाहिरात किती मोकाट सुटते ते बघण्यासारखं आहे.

थोडं तांत्रिक, कारण इथे नव्या माणसाची फसगत होते. पन्नास ते सत्तरच्या दशकांतल्या बऱ्याच रंगीत प्रती गुलाबी-लालसर दिसतात. तो कलादिग्दर्शकाचा शौक नव्हे. ईस्टमनकलर या प्रकारच्या फिल्मवरच्या प्रतींतला निळसर रंग आधी उडतो आणि लाली मागे राहते. कोडाक्रोम या दुसऱ्या प्रकारच्या फिल्मवरचं चित्रण मात्र कालच केल्यासारखं टवटवीत असतं. मूकपटांतली माणसं तुरुतुरु पळतात तीही त्यांची चाल नव्हे. कॅमेरा हाताने फिरवून सेकंदाला सोळा-अठरा चौकटी घेतलेल्या असायच्या, त्या चोवीसच्या वेगाने दाखवल्या की सगळ्यांना घाई सुटते.

माझी खरी तक्रार 'सुधारलेल्या' प्रतींबद्दल आहे. कुणीतरी मूळ फिल्म उचलतो, सॉफ्टवेअरने रंग भरतो, मधल्या चौकटी पैदा करून ती गुळगुळीत करतो, वर घोड्यांच्या टापांचा आवाज चिकटवतो. मार्केट स्ट्रीटच्या अशा एका प्रतीत चेहरे मेणाचे झालेत आणि दूरच्या पाट्यांवरची अक्षरं कुठल्याच लिपीतली राहिलेली नाहीत. जी गोष्ट बघायला आपण आलो, नेमकी तीच पुसलेली. दाणे, ओरखडे, कडेची थरथर दिसत असेल ती प्रत घ्या. शोधताना वर्ष आणि संस्थेचं नाव टाकलं तर मूळ प्रत बहुधा सापडते.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर मी लेन लाय यांच्या १९३५ च्या 'अ कलर बॉक्स'चं नाव घेईन. ब्रिटिश पोस्ट खात्याच्या फिल्म विभागाने दाखवलेली, चार मिनिटांच्या आतबाहेरची. कॅमेरा वापरलेलाच नाही. फिल्मच्या पट्टीवर थेट रंगाने रेघा, ठिपके, नागमोडी वळणं काढली आहेत आणि खाली क्युबन नाचाचं संगीत. रंगांचा हा धिंगाणा ऐन भरात असताना अचानक पार्सलचे दर नाचत येतात. सरकारी खातं, टपालाचे दर आणि ही मस्ती! फोनवर बघू नका, रेघा नुसत्या गिचमिड दिसतात. मोठा पडदा लावा आणि आवाज वाढवा.