०.१ नॉर्मल ॲसिड: स्वतः बनवावं, अँप्युल घ्यावी की तयार बाटली?

पाण्याची अल्कलिनिटी किंवा केल्डाल पद्धतीने दुधातली प्रथिनं तपासणाऱ्या छोट्या लॅबला ०.१ नॉर्मल (लिटरमागे ०.१ तुल्यांक) हायड्रोक्लोरिक ॲसिड सतत लागतं. ते कुठून आणायचं, हे किमतीआधी तुमच्या बॅलन्सवर, म्हणजे वजनकाट्यावर ठरतं.

ग्रॅमचे चार दशांश दाखवणारा, कॅलिब्रेट केलेला बॅलन्स असेल तर मी बिनदिक्कत स्वतः बनवायला सांगेन. तीव्र ॲसिड साधारण साडेआठ मिली, एक लिटरपर्यंत पाणी. हे झालं अंदाजाचं. बाटलीतलं तीव्र ॲसिड ३५ ते ३७ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असतं, शिवाय उघडलं की त्यातला वायू उडतो. खरी नॉर्मॅलिटी (नेमकी तीव्रता) सोडियम कार्बोनेटसारख्या नेमक्या तोलता येणाऱ्या शुद्ध पदार्थाशी टायट्रेशन करूनच कळते. कार्बोनेट २५० अंशांवर वाळवून डेसिकेटरमध्ये थंड करायचं आणि ०.१३ ग्रॅमच्या आसपास नेमकं तोलायचं; त्याला सुमारे २५ मिली ॲसिड लागतं. एंड पॉइंट (इंडिकेटरचा रंग पालटायची वेळ) जवळ आला की द्रावण उकळून कार्बन डायऑक्साइड घालवा. नाहीतर रंग आधीच पालटतो आणि ॲसिड आहे त्याहून तीव्र भासतं. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

बॅलन्स तीन दशांशांचाच आहे? मग ०.१३ ग्रॅममध्ये एका मिलीग्रॅमची चूक म्हणजे पाऊण टक्का. तिथे बोरॅक्स बरा: त्याचं तुल्यांक वजन (एका तुल्यांक ॲसिडला पुरणारे ग्रॅम) १९०.७, कार्बोनेटचं ५३, त्यामुळे साडेतीन पटींहून जास्त तोलावं लागतं आणि तीच चूक ०.२ टक्क्यांवर येते. फक्त तो ओव्हनमध्ये घालू नका, स्फटिकजल निघून जातं.

अँप्युल म्हणजे एका लिटरसाठी नेमकं मोजून बंद केलेलं तीव्र ॲसिड; तिला बॅलन्सच नको. हवा तो क्लास ए (सर्वांत अचूक दर्जाचा) फ्लास्क, शुद्ध पाणी आणि अँप्युल तीन-चारदा विसळायचा धीर. पण तापमानाकडे लक्ष असू द्या. २७ अंशांसाठी आखलेला फ्लास्क विदर्भातल्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, ४० अंशांना भरला तर जवळपास ०.४ टक्क्यांचा फरक पडतो.

तयार बाटलीत तुम्ही मुख्यतः पाण्याच्या वाहतुकीचे पैसे मोजता. तिचं बळ प्रमाणपत्रात: लॉट क्रमांक, अनिश्चितता, ट्रेसेबिलिटी (मोजमाप कोणत्या प्रमाणाशी जोडलंय याचा माग). एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असेल किंवा घ्यायची असेल तर ऑडिटला हे कागद मोठा आधार देतात. तरी उघडलेली बाटली मधूनमधून कार्बोनेटवर तपासायलाच हवी.

ज्युनियर कॉलेजने मात्र विकत घेऊच नये. मुलांनी नॉर्मॅलिटी स्वतः काढणं हाच तर प्रयोग आहे.

अल्कलिनिटीसाठी ०.०२ नॉर्मल वेगळं मागवू नका. तपासलेलं ०.१ नॉर्मल २०० मिली पिपेटने घेऊन लिटरपर्यंत भरा, फॅक्टर (खऱ्या आणि ठरलेल्या नॉर्मॅलिटीचं गुणोत्तर) तोच लावा. या ०.०२ नॉर्मलचा १ मिली म्हणजे १ मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट.