मे महिन्यातल्या नवोदितांच्या मैफिली: सदाशिव पेठेतलं एक छोटं सभागृह

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका शंभरेक खुर्च्यांच्या सभागृहात उन्हाळ्यात दर शनिवारी नवोदित कलाकारांच्या शास्त्रीय गायनाच्या मैफिली होतात. संध्याकाळी ६ ते साडेआठ, दोन कलाकार, मध्ये दहा मिनिटांचं मध्यंतर. प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव. सभागृहाचं नाव इथे दिलेलं नाही, कारण खाली त्रुटीही लिहिल्या आहेत आणि पेठांमधल्या अशा बहुतेक जागांना त्या कमी-अधिक लागू पडतात. पण आधीच सांगून टाकतो: गाण्याची आवड असेल तर अवश्य जा.

सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे वेळ. स्पर्धेत किंवा परीक्षेत गाणाऱ्याच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं येतात. तेवढ्यात बंदिश, चार आलाप आणि ताना उरकाव्या लागतात. इथे तासभर मिळतो, त्यामुळे विलंबित (संथ लयीतला) ख्याल खऱ्या अर्थाने मांडता येतो. किराणा घराण्याच्या पद्धतीच्या अतिविलंबित एकतालात एक मात्रा, म्हणजे तालाचा एक ठोका, साधारण चार सेकंदांची धरली, तर बारा मात्रांचं आवर्तन (तालाचा एक फेरा) ४८ सेकंदांचं होतं. म्हणजे पंचवीस मिनिटांत तीसेक आवर्तनं. त्यांतली पहिली आठ-दहा कलाकार कशी खर्च करतो, यावरच त्याची तयारी कळते. मंद्र (खालच्या) सप्तकात आणि षड्जाच्या (‘सा’च्या) आसपास रमणारा गायक पुढे हमखास रंगतो. सहाव्या आवर्तनालाच तार षड्जाला (वरच्या ‘सा’ला) भिडणाऱ्याकडे नंतर ताना सोडून काही उरत नाही. गळे तयार असतात, ताना साफ असतात, पण बढतीचा, म्हणजे राग पायरीपायरीने उलगडण्याचा, धीर कमी पडतो. या वयातल्या गाण्यातला हा सर्वात नेहमीचा दोष आहे. ग्वाल्हेर घराण्याच्या अंगाने तिलवाडा तालात गाणारी मुलं यातून बरीच सुटतात. लय जरा चढी असल्याने बंदिशच त्यांना पुढे नेते.

जागा लहान असल्याचा फायदा इथे जो मिळतो, तो मोठ्या मांडवात मिळणं शक्य नाही. १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाचं वातावरण निराळं आणि त्याचं मोल मोठंच. पण तिथे आपल्यापर्यंत पोहोचतो तो स्पीकरमधून आलेला आवाज. इथे तिसऱ्या रांगेत बसलं की तानपुऱ्याची जवारी (तारांची गुंजती झणकार) थेट कानावर येते. खर्जाच्या (सर्वांत खालच्या ‘सा’च्या) तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार (‘ग’) ऐकू येतो आणि पेटीचा गंधार त्यापेक्षा किंचित चढा आहे, हेही जाणवतं. फरक १४ सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाएवढा. यमनमध्ये गंधारावर न्यास करताना (थांबताना) गायिका तानपुऱ्याच्या गंधाराला लागली आणि पेटीवाल्याने तेवढ्यापुरतं बोट उचललं, तर अंगावर काटा येतो. समजदार साथीदार हे करतात. सतत सूर धरून ठेवणारे साथीदार गाणाऱ्याला नकळत पेटीच्या सुरावर ओढून नेतात.

हे सगळं ऐकू यायचं तर ध्वनिव्यवस्था मर्यादेत हवी. शंभर माणसांच्या बंद खोलीला दोन स्पीकर पुरे होतात, तेही फक्त आवाजाला आधार देण्यापुरते. प्रत्यक्षात गाणारा मॉनिटरमध्ये (कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) आपला आवाज वाढवून मागतो, मग तबलजी वाढवून मागतो, मग पेटीवाला. आणि दहा मिनिटांत माइक शिट्टी मारू लागतो. मॉनिटर माइकच्या पाठीमागच्या बाजूला असला पाहिजे, तोंडासमोर नव्हे. इको तर काढूनच टाकावा. द्रुत तानांत एका स्वराची शेपटी दुसऱ्यात मिसळते आणि साफ तानसुद्धा गढूळ वाटते. इथला ध्वनिसंयोजक सांगितलेलं ऐकतो, पण सांगायला आयोजकांपैकी कोणी मागच्या रांगेत बसलेलं नसतं. एक माणूस तिथे बसवला तरी निम्मी अडचण मिटेल.

उन्हाळ्याची खरी अडचण आहे एसी. कलाकारांची खोली तापलेली आणि रंगमंच गार. वाद्यं खोलीत लावून ऐन वेळी बाहेर आणली की गारव्याने तारा आखडतात आणि सूर चढतो. सगळ्या तारा सारख्या चढत नाहीत, म्हणून जोडी (मधल्या दोन तारा) आणि खर्ज एकमेकांना सोडतात. मग पहिला ख्याल मधेच थांबवून खुंट्या पिळत बसावं लागतं आणि जमलेला रंग विस्कटतो. उपाय साधा आहे. पाऊण तास आधी एसी सुरू करून तानपुरे मंचावरच ठेवायचे, श्रोते बसल्यावर खुंटीने मोठा फरक काढायचा आणि शेवटचा बारीक सूर तारेवरच्या मण्यांनी जुळवायचा. तबल्याचं तसंच. कोरड्या गार हवेत पुडी (तबल्याचं चामडं) ताणली जाते आणि सूर चढतो. वळवाची सर येऊन गेली की हवा दमट होते आणि तोच तबला उतरतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात हे दोन्ही एकाच संध्याकाळी घडू शकतं, म्हणून हातोडी जवळ हवीच. वळवाबरोबर वीजही जाते. तेव्हा दोन-चार मिनिटं माइकशिवाय गाणं चालतं, आणि या खोलीला माइकची किती कमी गरज आहे ते तेव्हा कळतं.

तबल्याबद्दल आणखी एक. गायिकेची पट्टी (गाण्याचा ‘सा’, पेटीच्या पट्टीवरून सांगितलेला) काळी चार आणि नंतरच्या गायकाची काळी एक असेल, तर एका दायाँवर (उजव्या हाताच्या तबल्यावर) निभावत नाही. पहिल्याला मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा ढाला, दुसऱ्याला लहान तोंडाचा, चढ्या सुराचा टिपेचा तबला लागतो. एकच तबला एवढा ओढायला गेलं तर वादी (चामड्याची दोरी) तुटते, नाहीतर आस (नादाची गुंज) जाते. दोन्ही कलाकारांच्या पट्ट्या आठवडाभर आधी तबलजीला कळवणं हे आयोजकांचं काम आहे, आणि ते नेहमी होत नाही.

कार्यक्रमाची वेळ हा माझ्या मते सर्वात गंभीर मुद्दा. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मेच्या मध्याला सातच्या पुढे. सहाचा कार्यक्रम हिवाळ्यात संधिप्रकाशात सुरू होतो आणि उन्हाळ्यात चक्क दिवसाउजेडी. तरी पहिला कलाकार सवयीने सूर्यास्तानंतरचा यमन धरतो. खरं तर उन्हाळ्यातली ही वेळ म्हणजे पर्वणी आहे. मुलतानी, पटदीप, भीमपलास हे दुपार ढळल्यावरचे राग एरवी संध्याकाळच्या मैफिलीत बसत नाहीत. इथे ते अगदी आपल्या वेळेवर गाता येतात. सव्वासातला बसणाऱ्या दुसऱ्या कलाकाराला मारवा, पूरिया किंवा पूरिया धनाश्री हा मावळतीचा राग ऐन वेळेवर सापडतो. मध्यंतरात दार उघडलं की गल्लीत तोच मावळतीचा प्रकाश पसरलेला असतो, आणि आत येऊन मारव्याचा कोमल ऋषभ ऐकताना त्या वेळेचं नातं आपोआप उलगडतं. आयोजकांनी निमंत्रणाच्या वेळीच कलाकारांना सूर्यास्ताची वेळ कळवावी. साडेआठला सगळं संपत असल्याने मालकंस किंवा दरबारी हा रात्री उशिराचा राग मात्र इथे ऐकायला मिळायचा नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. पावणेसहाला पोहोचा, कार्यक्रम वेळेवर सुरू होतो. पहिल्या दोन रांगा राखीव असतात. तिसरी किंवा चौथी, मध्यभागी, ही सर्वोत्तम जागा. एसीच्या झोताखाली बसू नका, घरघरीत तानपुरा बुडतो. गाडी आणणार असाल तर पार्किंगची सम-विषम तारखेची पाटी नीट वाचा. त्यापेक्षा मेट्रोने मंडईला उतरून पंधरा-वीस मिनिटं चालणं सोपं. लहान मुलांना जरूर आणा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गाणं शिकणाऱ्या मुलांना पाच-सात वर्षांनी मोठा असलेला कलाकार जवळून पाहायला मिळणं फार मोलाचं असतं. शेवटच्या भैरवीआधी उठायचंच असेल, तर दोन रचनांच्या मध्ये उठा.

विनामूल्य प्रवेशाबद्दल मात्र फेरविचार व्हावा. कलाकाराला मानधन म्हणून पाकीट मिळतं, साथीदारांचा खर्च पुष्कळदा त्यातूनच जातो, आणि कोल्हापूर किंवा सोलापूरहून आलेल्या मुलाच्या हातात प्रवासखर्चापलीकडे फारसं उरत नाही. दाराशी ठेवलेल्या देणगीपेटीत जाता जाता नाणी पडतात. १०० रुपये तिकीट ठेवून विद्यार्थ्यांना सूट दिली, तर साठ श्रोत्यांमागेही साथीदारांना बिदागी वेगळी देता येईल.