न्यूझीलंडचा नऊ दिवसांचा गाइडेड ट्रेक : आठ महिन्यांनी लिहिलेला अभिप्राय

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी कंपनीचा फॉर्म आला होता. झोपेचे बारा वाजलेले, त्यात घरात धुण्याचा ढीग. मी सगळ्याच प्रश्नांना पाच-पाच स्टार ठोकून मोकळी झाले. आता आठ महिने उलटलेत, पायावरचे चावे बुजलेत, क्रेडिट कार्डही मोकळं झालंय. तेव्हा खरं काय ते लिहिते.

आधी आमच्याबद्दल. मी बावन्न वर्षांची, नवरा छप्पन, राहणार डोंबिवली. पंचवीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय. कळसूबाई, राजमाची कितीदा केलं त्याचा हिशेब नाही, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड मात्र एकदाच, आणि तो पुरला. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर नोव्हेंबरमध्ये गेलो. नेल्सनहून सुरुवात, शेवट माउंट कुकच्या पायथ्याशी. नऊ माणसं, एक गाइड, एक व्हॅन. मुक्काम लॉजवर, पाठीवर फक्त दिवसाची सॅक. विमानभाडं सोडून दोघांचे जेवढे पैसे गेले तेवढे आमची जुनी वॅगनआर विकून आले नव्हते. त्यामुळे पैसे वसूल झाले का, हा प्रश्न घरात अजून अधूनमधून निघतो.

विमानतळावर बूट तपासतात हे ऐकून होते. राजगडाची लाल माती जुन्या टूथब्रशने घासून काढली होती, तरी अधिकाऱ्याने बूट हातात घेऊन तळवा नीट बघितला. आपल्या मातीतून बी-बियाणं, रोगजंतू तिकडच्या जंगलात जाऊ नयेत म्हणून हे सगळं. खाण्याचे पदार्थ तर न चुकता जाहीर करा. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड आहे. मी दाण्याची चटणी आणि खाकरे लिहून दिले, त्यांनी बघितले आणि सोडले. त्या चटणीने पुढे फार साथ दिली, कारण शाकाहारी जेवण म्हणजे रोज दुपारी चीज-टोमॅटोचं सँडविच. बुकिंगच्या वेळी ‘शाकाहाराची उत्तम सोय’ असं लिहिलं होतं. इथे पहिला स्टार गेला.

पहिले दोन दिवस एबल टास्मन नॅशनल पार्क. १६४२ साली इकडे आलेल्या डच दर्यावर्दीचं नाव, आणि बरोबर तीनशे वर्षांनी, १९४२ मध्ये, पार्क झालं. माराहाउला बोटीत बसलो ती रस्त्यावरच! ओहोटी होती म्हणून ट्रॅक्टरने बोट ट्रेलरसकट ओढत नेली आणि पाण्यात सोडली. आम्ही लाइफ जॅकेट घालून ट्रॅक्टरमागे वरातीसारखे बसलेलो. बार्क बे ला उतरून चालायला लागलो आणि अर्ध्या तासात नवरा कानाशी कुजबुजला, “इथे गाइड कशाला हवा होता गं?” वाट एवढी आखीव की चुकायची म्हटली तरी चुकता येणार नाही. फाट्याफाट्यावर पाटी, पाटीवर लागणारा वेळ. आपल्याकडे दगडावर पुसट बाण शोधायची सवय, त्यामुळे थोडं हिरमुसायलाच झालं.

उत्तर टॉरेंट बे ला मिळालं. तिथे ओहोटीच्या दोन तास आधी ते दोन तास नंतर एवढ्याच वेळात खाडी सरळ चालत ओलांडता येते. एरवी काठाने चारेक किलोमीटरचा वळसा. आम्ही फोटो काढत रेंगाळलो होतो. पलीकडचा किनारा हाकेवर दिसत होता, पाणी फार तर गुडघाभर. गाइडने (तिशीतली मुलगी, बोलायला मऊ) घड्याळ बघितलं, खिशातला भरती-ओहोटीचा तक्ता बघितला, आणि म्हणाली, “नाही. वळसा.” नऊ जणांनी नऊ प्रकारे विनवलं. नवऱ्याने तर आपण कोकणातली माणसं, समुद्र आम्हाला नवीन नाही वगैरे सुरू केलं. ती हसली आणि वळशाच्या वाटेला लागली. तासाभराने वरच्या अंगाने मागे बघितलं तर वाळूचा तो पट्टा दिसतच नव्हता, सगळं पाणी. तिने “बघा” म्हटलं नाही.

या जंगलातली मजा नेच्यांत आहे. आपल्याकडे दगडाच्या फटीत वीतभर वाढतो तो नेचा इथे माडाएवढा उंच, वर छत्री. त्यातल्या एकाची पानं मागून चांदीसारखी. पूर्वी माओरी लोक ती पानं उलटी टाकत जात, चंद्रप्रकाशात वाट दिसावी म्हणून. वाटेच्या कडेला थोड्या-थोड्या अंतरावर लाकडी खोकी दिसतात, ते बाहेरून आलेल्या उंदीर आणि स्टोटसाठी (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) लावलेले सापळे. या देशात मुळात जमिनीवरचे सस्तन प्राणी वटवाघळांशिवाय नव्हतेच, त्यामुळे पक्षी निर्धास्त. बुटाने पाचोळा उकरला की छोटा रॉबिन पक्षी किडे टिपायला थेट पायाशी येतो. आणि वेका नावाची कोंबडीसारखी बया सँडविच पळवते. माझं पळवलं, मला वाईट वाटलं नाही.

मग पश्चिम किनारा. पुनाकाइकीला चुनखडीचे खडक आंबोळ्यांच्या चळतीसारखे दिसतात. भरतीच्या वेळी जा, तेव्हाच फटींतून पाणी उसळतं. पोरारारी नदीकाठची वाट मला अख्ख्या सहलीत सगळ्यात आवडली, निकाऊच्या झाडांमुळे. पोफळीच्या बागेतून चालतोय असंच वाटत होतं.

आणि पाऊस! टास्मन समुद्रावरून येणारे वारे सदर्न आल्प्सवर आदळतात आणि सगळं पाणी अलीकडेच ओततात. पलीकडचा मॅकेन्झीचा मुलूख मात्र गवताळ, पिवळा, कोरडा. महाबळेश्वर आणि माणदेशाचं गणित ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. फरक एवढाच, की हा पाऊस चार महिन्यांचा नाही, बाराही महिने केव्हाही. फ्रान्झ जोसेफला एका मोठ्या पायवाटेचा दिवस ठरला होता, झुलते पूल आणि निसरड्या खडकांची वाट. रात्रभर पत्र्यावर थापा वाजत होत्या. सकाळी गाइडने दुसरा “नाही” सांगितला. तिथली हिमनदी एवढी मागे सरकलीय की २०१२ पासून दरीतून चालत तिच्यावर जाताच येत नाही, आता हेलिकॉप्टर. म्हणजे पायवाट हाच आमचा आधार होता, तोही गेला. त्याऐवजी लेक मॅथेसनचा फेरा मारला, ज्यात माउंट कुकचं प्रतिबिंब दिसतं म्हणतात. आम्हाला पावसाचे थेंब दिसले. पाणी मात्र चहासारखं तपकिरी, जंगलातल्या कुजलेल्या पाल्याचा अर्क उतरून.

कंपनीने भाड्याने दिलेले रेनकोट याच दिवशी खांद्यातून गळायला लागले. तक्रार केल्यावर भाडं परत मिळालं, पण त्या दिवशी कुडकुडायचं ते कुडकुडलोच. दुसरा स्टार इथे.

सँडफ्लायबद्दल कंपनीच्या माहितीपत्रकात एक ओळ आहे, एक पान हवं होतं. चिलटाएवढी काळी माशी, चालताना त्रास देत नाही, थांबलात की घोटे पकडते. मला तीन आठवडे खाज होती. औषध लावा, आणि डबा खायला वारा असलेली जागा शोधा.

फ्रान्झ जोसेफ आणि माउंट कुक गाव नकाशावर अगदी शेजारी आहेत. पण मध्ये पर्वताची भिंत, रस्ताच नाही. हास्ट खिंडीतून वळसा घालून साडेचारशे किलोमीटरच्या वर व्हॅन. तो अख्खा दिवस ‘निसर्गरम्य प्रवास’ या नावाखाली ट्रेकच्या दिवसांत मोजलाय. मला हे पटत नाही.

शेवटी आभाळ उघडलं. सीली टार्न्सची वाट म्हणजे सुमारे २२०० पायऱ्या, कळसूबाईच्या शिड्या एकापुढे एक जोडल्यासारख्या. नवऱ्याच्या गुडघ्यांनी उतरताना संप पुकारला, तेव्हा गाइडने आपल्या काठ्या त्याला दिल्या. वर डबक्याकाठी बसलं की समोर अओराकी, म्हणजे माउंट कुक, ३७२४ मीटर. १९९१ मध्ये त्याच्या शेंड्याचा मोठा तुकडा कोसळला होता. हिलरींनी १९४८ मध्ये हा सर केला, एव्हरेस्टच्या पाच वर्षं आधी. खाली हॉटेलपाशी त्यांचा पुतळा आहे, नजर शिखराकडे. आम्ही वर अर्धा तास गप्प बसलो होतो. एरवी आमच्या घरात हे घडत नाही.

आता आठ महिन्यांनंतर काय उरलं? मेरिनो लोकरीचा एक टी-शर्ट, महाग वाटला होता, आता दर ट्रेकला तोच. सॅकच्या आत घालायची जाड पिवळी पिशवी, जी बाहेरच्या रेनकव्हरपेक्षा कितीतरी कामाची. आणि एक वाईट सवय. गेल्या महिन्यात डोंबिवलीच्याच एका ग्रुपबरोबर भीमाशंकरच्या बाजूला गेलो होतो. पन्नास माणसं, दोन लीडर. ओढ्याचं पाणी गढूळ होत चाललेलं, लीडर म्हणाला साखळी करून जाऊ. मी म्हटलं, आम्ही दोघं इथूनच परत. पाठोपाठ आणखी सहा जण फिरले. बाकीचे सुखरूप पार झाले, संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आमची यथेच्छ टिंगल झाली. झाली तर झाली.

तर सहावा स्टार त्या मुलीला, तिच्या दोन “नाहीं”साठी. बुकिंगचं म्हणाल तर एबल टास्मन स्वतःचं स्वतः करा, बोट आणि भरतीचा तक्ता एवढं पुरे, पैसे वाचतील. पश्चिम किनाऱ्यासाठी मात्र माणूस घ्या. चाळिशी ओलांडली असेल तर काठ्या घरूनच न्या. आणि रेनकोट भाड्याने घेऊ नका, नवरा हे वाक्य ठळक अक्षरांत लिही म्हणतोय.