मुख्याध्यापकांचे नेतृत्व मोजणारी पीआयएमआरएस प्रश्नावली : उपयोगी, पण जपून वापरावी

शालेय नेतृत्वाची प्रारूपे वाचताना सगळीच पटतात. आपल्या शाळेत त्यातले प्रत्यक्षात काय उतरते, हे कळायला मात्र मोजपट्टी लागते. शालेय नेतृत्वाचे अभ्यासक फिलिप हॅलिंजर यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलेली प्रिन्सिपल इन्स्ट्रक्शनल मॅनेजमेंट रेटिंग स्केल, म्हणजेच पीआयएमआरएस, त्यासाठी आजही चांगली आहे. अट एकच : ती फक्त अध्यापनकेंद्री नेतृत्व, म्हणजे शिकवणे आणि शिकणे सुधारण्यावर भर देणारे नेतृत्व मोजते, याचे भान हवे.

रचना सुटसुटीत आहे. ५० विधाने, १० कामे, प्रत्येक कामाला ५ विधाने. उत्तर १ ते ५ मध्ये, ‘जवळजवळ कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंत. कामांचे गट तीन : शाळेची उद्दिष्टे ठरवून सर्वांपर्यंत पोहोचवणे; वर्गनिरीक्षण, अभ्यासक्रमाचा मेळ आणि विद्यार्थ्यांच्या प्रगतीवर लक्ष; आणि शिकण्याचे वातावरण. तिसऱ्या गटात तासिकांचा वेळ राखण्यापासून शिक्षकांच्या प्रशिक्षणापर्यंत पाच कामे येतात.

मुख्याध्यापक, शिक्षक आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यासाठी वेगवेगळे नमुने आहेत. यातला शिक्षकांचा नमुनाच सर्वांत भरवशाचा. मुख्याध्यापक स्वतःला बहुधा शिक्षकांपेक्षा जास्त गुण देतात, त्यामुळे नुसत्या स्वमूल्यमापनावर निष्कर्ष काढणे व्यर्थ. मुख्याध्यापकांचा आणि शिक्षकांचा असे दोन्ही नमुने भरून घ्यावेत आणि तफावत कोणत्या कामात सर्वाधिक आहे ते पाहावे. खरी चर्चा तिथून सुरू होते.

भरून घेताना नावे नकोत, आणि गोळा करणारी व्यक्ती मुख्याध्यापकांच्या हाताखालची नसावी. नुकतेच रुजू झालेले शिक्षक वगळावेत. ज्यांनी वर्षभराचे कामकाज पाहिलेले नाही, ते अंदाजाने ३ वर खूण करतात. पन्नास विधानांची एकच बेरीज करू नये. प्रत्येक कामाची सरासरी वेगळी काढावी आणि गुणांचा विखुरलेपणाही तपासावा. सरासरी ३ असून निम्म्यांनी १ आणि निम्म्यांनी ५ दिले असतील, तर मुख्याध्यापक काही वर्गांतच फिरतात असा संशय घ्यायला जागा आहे.

आता उणिवा. प्रश्नावली वारंवारता विचारते, दर्जा नाही. दर आठवड्याला वर्गात डोकावून काहीच न बोलणाऱ्यालाही चांगले गुण पडू शकतात. मोठ्या शाळेत वर्गनिरीक्षण उपमुख्याध्यापक करत असतील, तर काम होत असूनही मुख्याध्यापकांचे गुण घसरतात, कारण वितरित, म्हणजे अनेकांत वाटलेल्या नेतृत्वासाठी इथे रकानाच नाही. परिवर्तनवादी, म्हणजे प्रेरणा आणि ध्येयदृष्टी देऊन माणसे घडवणाऱ्या नेतृत्वाचेही तेच. त्याला वेगळे साधन लागते.

तरीही अध्यापनकेंद्री प्रारूप निवडण्यामागे आधार आहे. रॉबिन्सन, लॉइड आणि रो या संशोधकांनी २००८मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीवर त्याचा सरासरी परिणाम (आकडा जितका मोठा, तितका परिणाम जास्त) ०.४२, तर परिवर्तनवादी नेतृत्वाचा ०.११ आढळला. त्याच अभ्यासात शिक्षकांच्या शिकण्याला चालना देऊन स्वतः त्यात सहभागी होणाऱ्या नेतृत्वाचा परिणाम सर्वांत मोठा, ०.८४ होता. पीआयएमआरएसमध्ये मात्र शिक्षकांच्या प्रशिक्षणाला इतर कामांइतकीच पाच विधाने. म्हणून त्या पाचांचे गुण आधी वाचावेत, त्यातही मुख्याध्यापक प्रशिक्षणात स्वतः बसतात का, हे विधान.

पदोन्नती किंवा गोपनीय अहवालासाठी ही प्रश्नावली वापरू नये. तसे कळले की भीतीपोटी शिक्षक सरसकट ५ देतात आणि सगळे कष्ट वाया जातात. वापरण्यापूर्वी हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागते, हेही वेळापत्रकात धरावे.