लार्किन हाउस, मॉन्टेरे: व्यापाऱ्याचं घर की नातीचा संग्रह?

कॅलिफोर्निया मेक्सिकोच्या ताब्यात असताना थॉमस लार्किन या व्यापाऱ्याने १८३०च्या दशकात मॉन्टेरेत हे दुमजली घर बांधलं. भिंती कच्च्या विटांच्या, सांगाडा रेडवुड लाकडाचा, भोवती व्हरांडा. खाली दुकान, वर बिऱ्हाड. १८४४पासून अमेरिकेचा कॉन्सुल, म्हणजे वाणिज्यदूत, म्हणून त्याचा कारभारही इथूनच चाले.

बांधकामाला पैकीच्या पैकी गुण. पावसाने कच्ची वीट विरघळते, म्हणून छपराची पागोळी भिंतीपासून दूर पडायला हवी. ते काम व्हरांडा चोख करतो, तेव्हा आत शिरण्याआधी बाहेरून एक फेरी माराच.

आतल्या मांडणीने मात्र निराशा होते. बरंचसं सामान लार्किनच्या नातीने विसाव्या शतकात जमवलेलं आहे, त्यामुळे दुकानाचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहत नाही. खरं तर धंदा फार रंजक होता. रोख पैसा दुर्मीळ, म्हणून गुरांचे मालक कापड आणि अवजारं उधारीवर नेत आणि फेड कातडी व चरबीने करत. एका कातड्याचे साधारण दीड-दोन डॉलर धरले जात. उन्हाळ्यात गुरं कापली की वसुली. दुष्काळ पडला की थकबाकी. वाळवण नीट झालं नाही तर कातड्याला कीड लागे, आणि मग तोटा व्यापाऱ्याच्या माथी. असं एखादं खातं इथे मांडायलाच हवं होतं.

जवळचं जकातघर आधी पाहा. परदेशी जहाजांचा माल तिथे जकात भरूनच उतरे. ते कळलं की या घराची जागा नेमकी का निवडली हे लगेच उमगतं. आतला भाग रोज उघडा असेलच असं नाही, वेळ आधी विचारून घ्या.