लाल कव्हरखालचे आठ मिलिमीटर

मागच्या महिन्यात कोल्हापूरच्या एका पोरानं मला फोटो पाठवला. लाकडी पॅलेटवर ठेवलेलं होंडाचं इंजिन, वर लाल व्हॉल्व्ह कव्हर, म्हणजे इंजिनाचं झाकण. "दादा, टाइप आरचं आहे म्हणतायत. साडेपाच लाख. घेऊ का?" फोटो मोठा करून पाहिला. कव्हरच्या कोपऱ्यात नखाएवढा रंग उडालेला होता. तो टवका माझ्याच हातून उडालाय, पाना निसटून. मी भांडून परत केलेलं इंजिन पुन्हा बाजारात उभं होतं, आणि तेही लाखभर जास्त भावानं.

दीड वर्ष गप्प बसलो होतो, कारण लाज वाटत होती. मी चिंचवडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या शाफ्टमध्ये मायक्रॉनच्या चुका काढतो. आणि मला आठ मिलिमीटरला फसवलं.

गाडी २००२ ची सिटी व्हीटेक. दीड लिटर, १०६ हॉर्सपॉवर, त्या काळच्या मानानं चपळ पोरगी. मला ती फक्त ट्रॅकसाठी करायची होती. वर्षातून दोन-तीनदा ट्रकवर चढवून कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेला न्यायची, जमलंच तर चेन्नईला. कारीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, वळणावळणाचा. तिथे मोठ्या इंजिनापेक्षा हलकी गाडी आणि वर चढत जाणारं इंजिन कामाला येतं. म्हणून डोक्यात बसलं बी१६बी. हे १९९७ च्या सिव्हिक टाइप आरचं, म्हणजे होंडाच्या वेगवान सिव्हिकचं इंजिन. १.६ लिटर, टर्बो नाही, तरी ८,२०० आरपीएमला १८५ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर). ज्यांनी हा आवाज एकदा ऐकलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. बाकीच्यांनी मला खुशाल वेडा समजावं.

आता तो माणूस. नाव-गाव देत नाही. शहराबाहेर त्याचं शेडवजा गॅरेज होतं, आणि माणूस अडाणी अजिबात नव्हता. त्याची स्वतःची गाडी उत्तम पळायची. पहिल्यांदा मी ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल बदलायला गेलो, तेव्हा त्यानं उरलेले सहाशे रुपये परत दिले. "सर, एवढे लागले नाहीत." त्या सहाशे रुपयांवर मी पुढे अकरा लाख विश्वासानं ठेवले. तेव्हा मी त्याच्यासाठी 'सर' होतो, पैसे द्यायला लागल्यावर 'भाऊ' झालो, आणि शेवटी 'ओ साहेब'.

इंजिन-गिअरबॉक्सचे साडेचार लाख ठरले, अर्धे आधी. "हाफ-कटमधून येतंय, आणखी दोघं मागतायत." हाफ-कट म्हणजे जपानमधली जुनी गाडी मधोमध कापून पुढचा भाग इंजिनासकट सुट्या भागांसारखा विकतात, तो. कागद मागितले तर म्हणाला, असल्या मालाला कागद कुठले. हे मला पटलं, कारण मला पटवूनच घ्यायचं होतं.

इंजिन आलं. लाल कव्हर, ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावर, बी१६बी असा ठसा. दोन महिन्यांनी गाडीत बसलं. त्यानं मला शेजारी बसवून मागच्या कच्च्या रस्त्यावर एकदा तिसऱ्यात आठ हजारापर्यंत खेचलं. साडेपाच हजाराच्या पुढे व्हीटेक (इंजिन जोरात फिरताना व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) लागल्यावर आवाज बदलला आणि माझी अक्कल तिथेच गेली. खरं तर तिथेच संशय यायला हवा होता. टाइप आरचं व्हीटेक त्याहून बरंच वर लागतं. सोबत डायनोचा (ताकद मोजायच्या मशीनचा) कागद दिला: चाकांवर १६८ हॉर्सपॉवर. मी तो लॅमिनेट करून घेतला, हेही सांगून टाकतो.

फसवणूक कुठे होती ते नीट सांगतो, कारण पुढच्या माणसाच्या कामाचं तेच आहे. बी१६ए आणि बी१६बी ही सख्खी भावंडं. दोघांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७७.४ मिमी, दोघं १,५९५ सीसी. कव्हर एकाचं दुसऱ्याला बसतं. फरक ब्लॉकच्या उंचीत आहे. क्रँकच्या (इंजिनाच्या तळातल्या फिरत्या दांड्याच्या) मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंत बी१६ए भरतं साधारण २०४ मिमी, बी१६बी २१२. टाइप आरसाठी होंडानं इंटेग्राच्या १.८ लिटरचा उंच ब्लॉक घेतला आणि कनेक्टिंग रॉड १३४.४ ऐवजी १४२.४ मिमीचे टाकले. रॉड लांब असला की पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर कमी दाबला जातो, आणि इंजिन आठ हजाराच्या वर तासन्‌तास फिरू शकतं. बी१६ए वाईट नाही. मलाही आवडतं. पण त्याचा भाव दीड-पावणेदोन लाख, आणि लाल रंगाच्या डब्याची किंमत दीडशे रुपये.

हे उघड झालं एका बेल्टमुळे. ट्रॅकवर जाण्याआधी टायमिंग बेल्ट (क्रँकपासून वर हेडपर्यंत जाणारा पट्टा) नवा टाकावा म्हणून मी मलेशियातल्या मित्राकडून मागवला. बी१६बीला इंटेग्राच्या बी१८सीचाच बेल्ट लागतो. कारण तेच, ब्लॉक तेवढाच उंच. भोसरीत आमचे एक काका आहेत, चाळीस वर्षं बोअरिंग-होनिंगचं काम करतात. त्यांच्याकडे बसवायला घेतला, तर सैल. टेन्शनर पूर्ण ओढला तरी सैल. मी म्हटलं, बेल्ट चुकीचा आला. काकांनी बेल्टकडे पाहिलंच नाही. क्रँक पुलीच्या बोल्टच्या मध्यावर पट्टी धरली, वर हेड गॅस्केटच्या रेषेपर्यंत, म्हणजे ब्लॉकच्या माथ्यापर्यंत नेली आणि म्हणाले, "किती पाहिजे होतं?"

"दोनशे बारा."

"मग बेल्ट बरोबर आहे. इंजिन चुकलंय."

नंतर टॉर्च लावून ठशाची जागा पाहिली. खाली ग्राइंडरचे बारीक ओरखडे, वर ताजा रंग, आणि अक्षरं हातोडीनं एकेक ठोकलेली, एक वर एक खाली. होंडाच्या कारखान्यातला ठसा इतका दारू प्यायल्यासारखा नसतो. डायनोचा कागदही घरी जाऊन पुन्हा वाचला. खाली बारीक अक्षरात करेक्शन फॅक्टर १.१८. विरळ हवेत इंजिन कमी ताकद देतं म्हणून आकडा वाढवून दाखवतात, ते रास्त आहे. पण पुणे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे सहा-सात टक्के पुरतात. अठरा टक्के लागायला डायनो महाबळेश्वरला न्यावा लागेल.

इतकं असूनही मी तेच इंजिन घेऊन कोइम्बतूरला गेलो. ट्रक ठरला होता, सुट्टी घेतली होती. तिथे दुसरा दणका. तपासणीला एक वयस्कर तमिळ गृहस्थ होते. त्यांनी त्याच गॅरेजवाल्यानं बसवलेल्या रोलकेजच्या मुख्य कमानीवर पान्यानं टकटक केली, कान लावला आणि मानेनंच नाही म्हणाले. रोलकेज म्हणजे गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये म्हणून आत जोडलेला पाइपांचा सांगाडा. एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) नियमात मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाचा, अडीच मिमी जाडीचा, सांधा नसलेला पाइप सांगितलाय. त्यांनी माझ्या परवानगीनं एक छोटं भोक पाडलं. जाडी सव्वा मिमी, आत सांध्याची उभी शिवण. दुकानाच्या छपराला वापरतात तो पाइप. इंजिनात मला पैशाला फसवलं होतं, पण इथे? त्या पाइपाखाली मी डोकं घालून बसणार होतो. मला राग याचाच जास्त आला, आजही येतो. गाडी न उतरवता परत आणली. जाऊन-येऊन सव्वादोन हजार किलोमीटर ट्रकचं भाडं.

परत येऊन त्याच्या शेडवर गेलो. तो शांत होता. "ओ साहेब, मी पण फसलो, मला वरून असंच आलं." केजचं म्हटलं तर, "तुम्हीच म्हणालात गाडी हलकी पाहिजे." आणि पोलिसांचं नाव काढल्यावर चहा ओतत म्हणाला, "जा की. आधी तुमची गाडी अडकेल." यात तो खोटं बोलत नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या गाडीची मूळ रचना बदलता येत नाही, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. इंजिन बदलल्यावर मी माझी सिटी रस्त्यावर कधी चालवली नव्हती, पण आरसी बुकात इंजिन नंबर जुनाच होता. या धंद्यात गिऱ्हाइकाच्या मनात थोडी भीती आधीच असते, आणि ती भीती हेच या लोकांचं भांडवल आहे. वकिलाकडे गेलो. त्यानं एकच विचारलं, बिल दाखवा. बिलावर लिहिलं होतं, 'जुने सुटे भाग, १८,००० रुपये'. बाकी सगळं रोख. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पण अकरा लाखांची तक्रार अठरा हजारांच्या बिलावर कशी उभी करायची, हे त्यालाही सांगता येईना.

शेवटी आठ-दहा ओळखीच्या पोरांना घेऊन त्याच्या शेडसमोर दोन रविवार बसलो. तिसऱ्या आठवड्यात इंजिन परत घेऊन त्यानं दोन लाख दिले. वर 'तक्रार नाही' असं लिहून घेतलं. आता गाडीत तिचं मूळचं दीड लिटरचं इंजिन आहे, केज काकांनी ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून भोक पाडून, जाडी दाखवून करून दिला. बायको म्हणते आधीच तसं केलं असतं तर किचन झालं असतं. बरोबर आहे तिचं.

कोल्हापूरच्या पोराला मी हे सगळं फोनवर सांगितलं. म्हटलं, वरचं टायमिंग कव्हर काढायला लाव. एक स्टीलची पट्टी घेऊन जा, व्हर्नियरही नको. क्रँक बोल्टचा मध्य ते गॅस्केटची रेषा, सिलिंडरच्या दिशेनं धर, तिरकी नको. ठशावर नख फिरव. बिलावर पूर्ण रक्कम आणि इंजिनाचा नंबर लिहून मागायचा, इंपोर्टची बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सचा कागद मागायचा. नाही म्हणाला तर चहाही पिऊ नकोस. पैसे बँकेतून, आणि केज कोणी केला असेल तर भोक पाडूनच बघायचं.

तो त्याच शनिवारी गेला. संध्याकाळी मेसेज आला: "दादा, २०४ भरलं. तो म्हणतो, हेड नीट बसावं म्हणून ब्लॉकचा माथा फेस करून घेतलाय, त्यामुळे कमी दिसतंय."

मी तो मेसेज भोसरीच्या काकांना वाचून दाखवला. माथा फेस करताना, म्हणजे घासून सपाट करताना, ते जास्तीत जास्त दहावा हिस्सा मिलिमीटर घेतात. काका होनिंगचं मशीन बंद करून खाली बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.